ईआरसीपी, ईयूएस, पोएम असं काही सांगितलंय? जायच्या आधी हे वाचून घ्या

डॉक्टर म्हणतात "आधी ईयूएस करू, लागलं तर त्याच भुलीत ईआरसीपी पण उरकू", आपण मान डोलावतो आणि घरी आल्यावर विचार करत बसतो की नक्की काय होणारे. घशातून दुर्बीण घालून पोट बघतात किंवा खालून मोठं आतडं बघतात एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं, पण त्याच्या पुढच्या प्रकारांची नावं ऐकूनच माणूस गांगरतो. मी एंडोस्कोपी युनिटला काम करते, पेशंटची तयारी, स्कोप म्हणजे दुर्बीण लावणं, प्रोसिजर चालू असताना डॉक्टरांच्या हाताशी उभं राहणं हे माझं काम, आणि पेशंट टेबलावर आडवा झालाय तरी आपल्याला काय करणारेत हे त्याला माहीत नाही, असं दिसलं की फार वाईट वाटतं. म्हणून हे सविस्तर लिहितेय. औषधांचे डोस तुमचे डॉक्टरच ठरवणार, मी फक्त काय विचारायचं, काय आधीच सांगायचं, तयारी कशी करायची आणि नंतर कशावर लक्ष ठेवायचं ते सांगते.

पहिला प्रश्न हाच विचारा

"यातून काय शोधताय, आणि ते सापडलं तर त्याच वेळी उपचार करणार का?" बस एवढंच. याचं उत्तर नीट मिळालं की बाकी सगळं समजायला सोपं जातं, कारण या सगळ्या प्रोसिजरमध्ये काही फक्त बघण्याच्या आहेत, काही फक्त करण्याच्या आहेत आणि काहींमध्ये बघता बघता काम होऊन जातं, आणि तिन्हींमधला धोका सारखा नसतो.

ईआरसीपीचंच घ्या. यात स्कोप तोंडातून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागापर्यंत नेतात, तिथे पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नळी जिथे उघडते त्या बारीक तोंडातून तार आणि कॅथेटर म्हणजे बारीक नळी आत घालतात, डाय म्हणजे एक्सरेत उठून दिसणारा द्रव सोडतात आणि एक्सरेवर नळीचं चित्र बघतात. १९६८ मध्ये ही सुरू झाली तेव्हा ती बघण्यासाठीच होती, नळीत खडा आहे का, अडथळा आहे का ते कळायला दुसरा सोपा मार्ग नव्हता. १९७४ मध्ये जर्मनी आणि जपानमधल्या डॉक्टरांनी ते तोंड आतूनच कापून मोठं करून खडे काढून दाखवले आणि तिथून ईआरसीपी उपचाराची झाली. आता फक्त बघायचंच असेल तर एमआरसीपी म्हणजे पित्तनलिकेचा एमआरआय आहे, ईयूएस आहे, आणि या दोन्हींत धोका खूप कमी. ईआरसीपीनंतर मात्र साधारण १०० पैकी ३ ते १० जणांना स्वादुपिंडाला सूज येते, बहुतेकांची थोड्या दिवसांत उतरते पण काहींना ती चांगलीच भोवते. त्यामुळे "नळीत काही आहे का ते बघायला ईआरसीपी" असं कोणी म्हणालं तर शांतपणे विचारा की एमआरसीपी किंवा ईयूएस आधी का नको. विचारलं म्हणून कुठल्याच चांगल्या डॉक्टरला राग येत नाही, उलट पेशंट समजून घेतोय हे त्यांना आवडतं. कावीळ आहे, थंडी वाजून ताप येतोय, पोटात दुखतंय आणि सोनोग्राफीत नळीत खडा स्पष्ट दिसतोय अशी परिस्थिती असेल तर मात्र गोष्ट वेगळी, तिथे नळीत पू झालेला असू शकतो आणि ईआरसीपी लवकर होणं हाच उपचार, तेव्हा सेकंड ओपिनियनसाठी दिवस घालवू नका.

कुठली दुर्बीण कशासाठी

ईयूएस म्हणजे स्कोपच्या टोकाला बसवलेली सोनोग्राफी. स्वादुपिंड जठराच्या अगदी मागे असतं त्यामुळे पोटावरून बघताना मधे गॅस आणि चरबी येते तशी इथे येत नाही, जठराच्या भिंतीला लावूनच बघता येतं. नळीतले अगदी बारीक खडे, स्वादुपिंडातली छोटी गाठ, गाठ भिंतीच्या कितव्या थरापर्यंत गेलीये, हे सगळं यात दिसतं. आणि त्याच स्कोपमधून सुई घालून गाठीचा तुकडा घेता येतो, पोटावर कुठेही कापावं लागत नाही. स्वादुपिंडाच्या सुजेनंतर शेजारी पाणी किंवा सडलेला भाग साठतो, त्याला भिंत धरायला साधारण ४ आठवडे लागतात, मग ईयूएसने बघून जठरातून त्यात स्टेंट म्हणजे वाट उघडी ठेवणारी छोटी नळी घालतात आणि ते जठरात रिकामं होतं. पूर्वी यासाठी पोट उघडायचे, आणि इतक्या आजारी माणसाचं पोट उघडणं म्हणजे जिवावरचंच काम असायचं. एवढं मोठं ऑपरेशन टळतं म्हणून मला ईयूएसचं फार कौतुक आहे, आणि याबद्दल लोकांना सगळ्यात कमी माहिती असते.

लहान आतडं बघणं हा वेगळाच विषय, कारण ते लांबच लांब आणि वेटोळ्यांचं, साधा स्कोप वरूनही पूर्ण जात नाही आणि खालूनही नाही. त्यासाठी कॅप्सूल आहे, साधारण २६ मिलिमीटर लांब, गिळायची, आतला कॅमेरा तासन् तास फोटो काढत राहतो आणि कमरेच्या पट्ट्यातल्या रेकॉर्डरमध्ये ते जमा होतात. कारण सापडत नाही पण हिमोग्लोबिन उतरतंय, शी मधून रक्त जातंय, वरची आणि खालची दोन्ही दुर्बीण नॉर्मल, अशा वेळी हिचा खरा उपयोग. पण कॅप्सूल फक्त बघते, तुकडा घेऊ शकत नाही, रक्त थांबवू शकत नाही. तिने काही दाखवलं तर मग बलून एंटेरोस्कोपी, जी जपानमध्ये यामामोतो यांनी २००१ मध्ये मांडली, फुग्याने आतडं धरून मागे गोळा करत करत स्कोप पुढे नेतात, वेळ खूप लागतो, पण आत पोचल्यावर तुकडा घेणं, रक्तस्राव थांबवणं सगळं करता येतं. कॅप्सूलआधी एक गोष्ट नक्की सांगा, आधी आतड्याचं ऑपरेशन झालंय का, क्रोन्स म्हणजे आतड्याला सूज येत राहण्याचा आजार आहे का, जेवल्यावर पोट फुगून कळा येतात का, कारण आतडं कुठे अरुंद असेल तर कॅप्सूल अडकू शकते. आणि ती बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय करायचा नाही.

मोठ्या आतड्यातल्या पॉलिपबद्दल, म्हणजे आतल्या अस्तरावर वाढलेल्या छोट्या गाठीबद्दल, लोक सगळ्यात जास्त घाबरतात, खरं तर सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट हीच आहे. १९६९ मध्ये न्यूयॉर्कला वुल्फ आणि शिन्या यांनी कोलोनोस्कोपमधून तारेच्या फासाने पॉलिप काढायला सुरुवात केली, त्याआधी पोट उघडावं लागायचं. मोठ्या आतड्याचा बहुतेक कॅन्सर आधी पॉलिप असतो आणि त्याला वर्षानुवर्षं लागतात, मधेच पॉलिप काढला की ती साखळीच तुटते. छोटा पॉलिप फासाने लगेच निघतो. सपाट आणि मोठा असेल तर खाली द्रव टोचून तो उचलतात आणि मग काढतात, याला ईएमआर म्हणतात, साधारण २ सेंटिमीटरपर्यंत एकाच तुकड्यात निघतो, त्याहून मोठा असला की बऱ्याचदा तुकड्या तुकड्यांत. ईएसडीमध्ये बारीक इलेक्ट्रिक सुरीने कडेने कापत, खालचा थर सोडवत सगळा भाग अखंड काढतात. हे काम तासन् तास चालू शकतं आणि हात बसलेलाच माणूस लागतो. अखंड का, तर पॅथॉलॉजीवाल्याला कडा स्वच्छ आहेत का आणि रोग किती खोल गेलाय हे नीट सांगता येतं, सुरुवातीचा कॅन्सर असल्याची शंका असेल तिथे हे फार महत्त्वाचं. तुकड्यांत काढला असेल तर परत उगवण्याची शक्यता जास्त, म्हणून साधारण ६ महिन्यांनी पुन्हा बघायला बोलावतात, ती तारीख टाळू नका.

पोएम अकॅलेशियासाठी, म्हणजे अन्ननलिकेचं खालचं तोंड उघडतच नाही, घास अडकतो, पाणीसुद्धा अडकतं. जपानचे इनोउए यांनी २००८ मध्ये पहिल्यांदा माणसावर केली. अन्ननलिकेच्या आतल्या अस्तराला छोटी चीर देऊन अस्तर आणि स्नायू यांच्या मधून बोगदा करत खाली जातात, तिथला आवळलेला स्नायू कापतात आणि येताना चीर क्लिपा लावून बंद करतात. आधी मॅनोमेट्री म्हणजे अन्ननलिकेतला दाब मोजायची तपासणी झालेली असली पाहिजे, कारण अकॅलेशियाचा नक्की कुठला प्रकार आणि स्नायू किती लांब कापायचा हे त्यावरून ठरतं. नंतर ॲसिड वर येण्याचा त्रास बऱ्याच जणांना होतो आणि त्याची गोळी लांबपर्यंत घ्यावी लागू शकते, हे आधीच माहीत असलेलं बरं.

आणि एक, रिपोर्टमध्ये एनबीआय असं लिहिलेलं दिसेल. त्यात निळ्या आणि हिरव्या रंगाच्या दोन ठरावीक लहरी वापरतात, रक्तातलं हिमोग्लोबिन त्या शोषून घेतं त्यामुळे बारीक रक्तवाहिन्यांची नक्षी उठून दिसते आणि पॉलिप साधा की शंकास्पद हे तुकडा घ्यायच्या आधीच बऱ्यापैकी ओळखता येतं. यासाठी वेगळं काही टोचत नाहीत, फक्त एक बटण दाबायचं असतं.

औषधांची यादी, आणि ती खरी असू द्या

याच्यावर मी सगळ्यात जास्त जोर देते. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का हे विचारलं की पुष्कळ लोक नाही म्हणतात आणि मग पिशवीतून क्लोपिडोग्रेल निघते. सगळ्या गोळ्यांचे फोटो काढून ठेवा, पाकिटं सोबत आणा. पॉलिप काढणं, ईआरसीपीत नळीचं तोंड कापणं, पोएम, ईएसडी या सगळ्यात रक्तस्रावाचा धोका असतो त्यामुळे काही गोळ्या काही दिवस आधी बंद कराव्या लागतात, क्लोपिडोग्रेल साधारण ५ ते ७ दिवस, ॲस्पिरिन बहुतेक वेळा चालूच ठेवतात. पण स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नका! हृदयात नुकताच स्टेंट बसवलाय आणि गोळी बंद केली तर तो स्टेंट बंद पडू शकतो आणि तो धोका पॉलिपपेक्षा कितीतरी मोठा. हृदयाचे डॉक्टर आणि दुर्बीण करणारे डॉक्टर यांनी मिळून ठरवायचं, आणि कधी बंद, कधी परत सुरू हे कागदावर लिहून घ्यायचं. परत कधी सुरू करायची ते विचारायचं राहूनच जातं बऱ्याच जणांचं.

डायबिटीस असेल तर इन्सुलिन किती घ्यायचं ते विचारा, उपाशीपोटी नेहमीचा डोस घेऊन साखर धाडकन खाली येते. एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन या जातीच्या गोळ्या साधारण ३ दिवस आधी थांबवतात. वजन किंवा साखरेसाठी आठवड्याचं इंजेक्शन, सेमाग्लुटाइड वगैरे चालू असेल तर मुद्दाम सांगा, त्याने पोट उशिरा रिकामं होतं आणि भुलीत पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. लोहाच्या गोळ्या कोलोनोस्कोपीच्या साधारण आठवडाभर आधी बंद, आतडं काळंकुट्ट दिसतं आणि धुऊन निघत नाही. एच पायलोरी या जठरातल्या जंतूची तपासणी करायची असेल तर ॲसिडची गोळी २ आठवडे आणि अँटिबायोटिक ४ आठवडे बंद असावं लागतं, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. पेसमेकर, काचबिंदू, गर्भारपण, आधी भुलीत झालेला त्रास, झोपेत घोरणं आणि श्वास अडकणं, हलणारा दात किंवा कवळी, कुठल्याही वेदनाशामक गोळीची ॲलर्जी, हे सगळं न विचारताही सांगा.

पोट आणि आतडं रिकामं करणं

वरच्या दुर्बिणीसाठी साधारण ६ तास खाणं बंद आणि २ तास पाणी बंद. अकॅलेशियावाल्यांना याहून जास्त, बऱ्याचदा आधीचे एक दोन दिवस पातळच घ्यायला सांगतात कारण अन्ननलिकेत जुनं अन्न साठलेलं असतं.

कोलोनोस्कोपीत मात्र तुमच्या तयारीवर अर्धा निकाल ठरतो. कितीही महागडा स्कोप असू दे, आतड्यात घाण असेल तर सपाट पॉलिप दिसणार नाही. २-३ दिवस आधीपासून बिया, साली, कच्च्या भाज्या, कडधान्यं बंद, आदल्या दिवशी सांगितल्याप्रमाणे आरपार दिसणारे पातळ पदार्थ, लाल जांभळ्या रंगाचं काही नको कारण ते आत रक्तासारखं दिसतं. साफ करायचं औषध एकाच वेळी सगळं न पिता दोन भागांत घेतलं तर सफाई खूप चांगली होते, अर्धं आदल्या संध्याकाळी आणि अर्धं तपासणीच्या ४ ते ६ तास आधी सुरू करून २ तास आधी संपवायचं. सकाळी लवकरचा नंबर असेल तर मध्यरात्रीनंतर उठावं लागतं, त्रास होतो मान्य आहे, पण दुसरा भाग गाळू नका. गार करून आणि स्ट्रॉने प्यायलं तर जातं, मळमळलं तर अर्धा तास थांबून हळूहळू पुढे. शेवटी पिवळसर आणि आरपार दिसणारं पाणी यायला हवं, तपकिरी गढूळ येत असेल तर युनिटला फोन करा, तसंच येऊ नका. किडनीचा किंवा हृदयाचा आजार असेल तर कुठलं औषध चालेल हे आधी विचारा, फॉस्फेटचं औषध किडनीला घातक ठरू शकतं.

त्या दिवशी

सोबत मोठं, जबाबदार माणूस हवंच, त्याच्याशिवाय भूल देत नाहीत. साध्या दुर्बिणीला हलकी झोप पुरते, ईआरसीपी आणि ईयूएसला जास्त गाढ, पोएमला घशात नळी घालून पूर्ण भूल. भूल कोण देणार आणि झोपेत श्वासावर लक्ष ठेवायला वेगळा माणूस आहे का हे विचारा. ईआरसीपीच्या वेळी गुदद्वारातून डायक्लोफेनॅक किंवा इंडोमेथासिनची सपोझिटरी ठेवतात, त्याने स्वादुपिंडाची सूज येण्याची शक्यता कमी होते, कोणी आधी सांगत नाही म्हणून पेशंट बावरतात. फुगवायला साध्या हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरतात का तेही विचारायला हरकत नाही, तो शरीरात लवकर शोषला जातो त्यामुळे नंतर पोट कमी फुगतं.

सही करायच्या आधी संमतीपत्र वाचा. त्यात "सापडल्यास काढणे" असं लिहिलंय का बघा, कारण ते नसेल तर पॉलिप दिसूनही परत दुसऱ्या दिवशी तीच सगळी तयारी करावी लागू शकते.

घरी आल्यावर

२४ तास गाडी चालवायची नाही, महत्त्वाच्या कागदावर सही नाही, एकटं राहायचं नाही. घसा थोडा दुखणं, पोट फुगणं, गॅस जाणं हे चालतं, एक दोन दिवसांत जातं.

पण पुढच्या गोष्टी झाल्या तर सकाळपर्यंत थांबायचं नाही. ईआरसीपीनंतर पोटाच्या वरच्या भागात दुखून पाठीत जाणं आणि उलट्या, हे स्वादुपिंडाच्या सुजेचं, बहुतेक पहिल्या २४ तासांत दिसतं. थंडी वाजून ताप, त्यात कावीळ वाढतेय, म्हणजे नळीत इन्फेक्शन किंवा स्टेंट बंद. पोट कडक होऊन वाढतं दुखणं, किंवा मानेत छातीत त्वचेखाली हवा भरल्यासारखं चुरचुरणं, श्वास लागणं, इथे आतड्याला किंवा अन्ननलिकेला भोक पडल्याची शंका घ्यायची. डांबरासारखी काळी शी किंवा लाल रक्त, चक्कर. पॉलिप काढल्यानंतर रक्त त्याच दिवशी जाईल असं नाही, २ आठवड्यांपर्यंत कधीही जाऊ शकतं, तेव्हा लांबचा प्रवास आणि जड उचलणं पुढे ढकला. दुसऱ्या दवाखान्यात जावं लागलं तर काय प्रोसिजर झाली तो कागद घेऊन जा, तिथल्या डॉक्टरांचा अर्धा वेळ वाचतो.

कागदपत्रं आणि आत राहिलेल्या वस्तू

डिस्चार्जच्या वेळी फोटोसकट रिपोर्ट मागा. कोलोनोस्कोपीच्या रिपोर्टमध्ये मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत म्हणजे सीकमपर्यंत स्कोप पोचला का, सफाई कशी होती आणि स्कोप बाहेर काढत बघायला किती वेळ दिला ते असतं. सफाईला बॉस्टन स्केलवर ९ पैकी गुण देतात, मोठ्या आतड्याच्या तिन्ही भागांत प्रत्येकी किमान २ हवेत. बाहेर येताना किमान ६ मिनिटं तरी बघितलं पाहिजे. सफाई वाईट लिहिली असेल तर "सगळं नॉर्मल" या शेऱ्यावर विसंबू नका, परत कधी करायची ते विचारा. तुकडा पाठवला असेल तर पॅथॉलॉजीचा रिपोर्ट काही दिवसांनी येतो, तो तुम्ही स्वतः जाऊन घ्या आणि डॉक्टरांना दाखवा, फोन आला नाही म्हणजे काही नाही असं धरून चालू नका.

आता स्टेंट. माझ्या कामातली ही सगळ्यात काळजीची गोष्ट. कावीळ उतरते, भूक लागते, माणसाला बरं वाटतं आणि आत स्टेंट आहे हेच विसरलं जातं. पित्तनलिकेतला प्लास्टिकचा स्टेंट साधारण ३ महिन्यांत काढायचा किंवा बदलायचा असतो, तसाच राहिला तर तुंबतो, त्याच्याभोवती खडे जमतात आणि माणूस ताप, कावीळ घेऊन अत्यवस्थ होऊन येतो. स्वादुपिंडाच्या नळीत कधी कधी बारीक स्टेंट ठेवतात, तो बहुतेक आपोआप पडतो, पण पडला का हे साधारण २ आठवड्यांत एक्सरे काढून बघावं लागतं. जठरातून घातलेला धातूचा रुंद स्टेंट बऱ्याचदा ३-४ आठवड्यांत काढतात. कॅन्सरसाठी घातलेला जाळीचा उघडा धातूचा स्टेंट मात्र सहसा कायमचाच. म्हणून घरी जायच्या आधी विचारून लिहून घ्या: आत काय ठेवलंय, प्लास्टिक की धातू, कुठे, कधी काढायचं, आणि तारीख आल्यावर कोणाला फोन करायचा. क्लिपा लावल्या असतील तर त्याही लिहा, एमआरआय करायची वेळ आली तर तिथे सांगावं लागतं. त्या कागदाचा फोटो घरातल्या आणखी एका माणसाच्या फोनमध्ये असू दे आणि काढायच्या तारखेच्या आठवडाभर आधीचा रिमाइंडर आजच लावून ठेवा.